एनएचएसच्या शास्त्रज्ञ-प्रशिक्षणाची मुलाखत : तयारी नेमकी कशाची करायची?

चोपन्न वर्षांच्या एका बाईंच्या रक्ताचा अहवाल तुमच्यासमोर आहे. पोटॅशियम ८.१, कॅल्शियम १.०५, आणि अल्कलाइन फॉस्फटेज जवळजवळ नाहीच. बाई स्वतः चालत डॉक्टरांकडे आल्या होत्या, थकवा जाणवतो एवढीच तक्रार. संध्याकाळची वेळ आहे, प्रयोगशाळेत वरिष्ठ कुणी नाही. तुम्ही काय कराल?

इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम, म्हणजे एसटीपी, नावाचं प्रशिक्षण आहे. त्यातल्या क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीच्या उमेदवाराने मुलाखतीत अशा धर्तीच्या प्रश्नाची तयारी ठेवावी. आपल्याकडून एमएस्सी करून गेलेला हुशार विद्यार्थी बहुधा लगेच पोटॅशियम वाढण्याची कारणं म्हणून दाखवतो : मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाबाची काही औषधं, ॲड्रिनल ग्रंथीचा आजार. यादी बरोबर असते, पण प्रश्न यादीचा नसतो. पोटॅशियम इतकं वर आणि कॅल्शियम इतकं खाली गेलेला माणूस सहसा चालत येत नाही, ही शंका ज्याला येते तो पुढे सरकतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियम क्षार घातलेला असतो. त्या नळीतलं रक्त थोडं जरी दुसऱ्या नळीत गेलं, तरी पोटॅशियम खोटंच वाढतं. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून ते घटतं. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए ओढून घेतं, म्हणून ते एन्झाइमही आडवं पडतं. तिन्ही आकड्यांचं कारण एकच.

खरी परीक्षा मात्र यानंतर सुरू होते. नमुना बाद ठरवून तुम्ही घरी जाणार का? हे पोटॅशियम खोटं असलं तरी त्यामागे खरं वाढलेलं पोटॅशियम लपलेलं नाही, याची खात्री कुणी दिली? म्हणून आकडे बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा, नमुना का चालणार नाही ते सांगायचं, शक्य तर त्याच दिवशी दुसरा मागवायचा, आणि कुणाशी किती वाजता बोललो याची नोंद करायची. हे सगळं जो आपणहून बोलतो, त्याने रोगी पाहिलेला असतो. दुसऱ्याने फक्त नळी पाहिलेली असते. या मुलाखतीबद्दल मला जे काही सांगायचं आहे, ते या फरकाबद्दलच आहे.

आधी एसटीपी म्हणजे काय, ते थोडक्यात. हे ३ वर्षांचं प्रशिक्षण २०११पासून सुरू आहे. उमेदवार एनएचएसचा पगारी कर्मचारी असतो, वेतनश्रेणी बँड ६. रुग्णालयात काम करता करता तो विद्यापीठातून क्लिनिकल सायन्सची एमएस्सी करतो. पहिल्या टप्प्यात आजूबाजूच्या विभागांत फिरून काम पाहायचं, मग आपल्या विषयात खोल जायचं. शेवटी एचसीपीसी या नियामक संस्थेकडे क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणी करता येते. ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय ती कुणी लावू शकत नाही. विषयांचा पसारा मोठा आहे : जीनोमिक्स, सूक्ष्मजीवशास्त्र, रक्तशास्त्र आणि रक्तसंक्रमण, प्रजननशास्त्र, हृदयविज्ञान, श्रवणशास्त्र, रेडिओथेरपीचं भौतिकशास्त्र, क्लिनिकल इंजिनिअरिंग, बायोइन्फॉर्मेटिक्स आणि आणखी बरेच. जागा काहीशे, अर्ज हजारो. पुणे, मुंबई, नागपूरकडची बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, भौतिकशास्त्र शिकलेली मुलं-मुली आता ब्रिटनमध्ये बऱ्यापैकी संख्येने आहेत आणि त्यांपैकी अनेकांची नजर या जागांवर असते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट मुलाखतीच्या कितीतरी आधीची. पदवीला पहिला वर्ग किंवा ब्रिटिश पद्धतीचा २:१ लागतो. २:२ असेल, तर त्याच विषयाशी संबंधित उच्च पदवी लागते. पदवी भारतातली असेल, तर तिची समकक्षता यूके एनिककडून तपासून ठेवा. ब्रिटनमध्ये काम करण्याच्या हक्काचे त्या वर्षीचे नियम अर्ज भरण्यापूर्वी स्वतः वाचा. मित्राने सांगितलं, व्हॉट्सॲपवर आलं, यावर विसंबू नका.

मुलाखतीचं स्वरूप आणि तिचा गाभा

महासाथीपूर्वी उमेदवारांना एका ठिकाणी बोलावत असत. तिथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे, प्रत्येक ठिकाणी सुमारे दहा मिनिटं, अशी छोट्या मुलाखतींची साखळी असे. महासाथीनंतर सगळं ऑनलाइन झालं. वेळ, टप्पे, प्रश्नांची वाटणी यांत दर वर्षी थोडाफार बदल होतो. त्यामुळे निमंत्रणाच्या ईमेलमध्ये जे लिहिलेलं असतं तेच प्रमाण मानायचं. गेल्या वर्षी पास झालेल्या ताईने सांगितलेलं स्वरूप यंदा तसंच असेल, असं धरून चालू नये.

टप्पे कसेही मांडले, तरी विचारलं जातं ते साधारण त्याच गोष्टींभोवती फिरतं. तुमच्या विषयाचं विज्ञान. त्या विज्ञानाचा रोग्याशी संबंध. एनएचएसची मूल्यं आणि तुमचं वागणं. शिवाय हेच काम, हाच विषय का. एकाच साच्यातले प्रश्न सगळ्यांना विचारले जातात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण मिळतात. म्हणून परीक्षकाचा चेहरा निर्विकार राहिला, त्याने मान हलवली नाही, मध्ये बोलून धीर दिला नाही, तर घाबरू नका. सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून तो तसा बसलेला असतो.

विज्ञानाच्या प्रश्नांत अवघडपणा विषयाच्या खोलीत कमी आणि मांडणीत जास्त असतो. हृदयविज्ञानाच्या उमेदवाराला ईसीजीची पट्टी दाखवतील. श्रवणशास्त्राच्या उमेदवाराला ऑडिओग्राम दाखवतील. रेडिओथेरपीच्या उमेदवाराला विचारतील की ट्यूमरला मात्रा देताना शेजारचे अवयव कसे वाचवाल आणि यंत्राने दिलेली मात्रा बरोबर आहे हे कशावरून ठरवाल. आपल्या मुलांची पंचाईत होते ती या दुसऱ्या भागात. गुणवत्ता नियंत्रण हा भाग कॉलेजात एका धड्यात उरकलेला असतो. इथे तो रोजचा श्वास आहे. लेव्ही-जेनिंग्ज आलेख कसा वाचायचा, एका बाजूला सरकत चाललेले बिंदू काय सांगतात, नियंत्रण नमुना मर्यादेबाहेर गेला तर रोग्यांचे अहवाल का रोखायचे, प्रयोगशाळेला आयएसओ १५१८९ची मान्यता का लागते, हे समजून घेतल्याशिवाय मुलाखतीला बसू नका. मायक्रोबायोलॉजीचा उमेदवार असाल किंवा भौतिकशास्त्राचा, हे तुम्हाला लागणारच.

उत्तर ठाऊक नसेल तेव्हा काय करायचं? मनातल्या मनात शोधत गप्प बसू नका. मोठ्याने विचार करा. ‘ही पट्टी मी आधी लय नियमित आहे का ते बघून वाचतो. इथे अंतरं असमान दिसताहेत. पी लहर मला स्पष्ट दिसत नाही. म्हणून एट्रियल फिब्रिलेशनची शंका येते, पण हे मी वरिष्ठांकडून तपासून घेईन.’ असं बोलणाऱ्याला निदान चुकलं तरी गुण मिळू शकतात, कारण रीत दिसते. झटकन बरोबर नाव सांगणाऱ्याचा मार्ग मात्र परीक्षकाला दिसतच नाही.

सोप्या शब्दांत सांगायची कसोटी

‘हे एखाद्या रोग्याला समजावून सांगा’ असा प्रश्न येतोच, असं गृहीत धरून तयारी करा. इथे मराठी उमेदवारांकडे एक भांडवल असतं आणि ते सहसा वापरलं जात नाही.

रक्तसंक्रमणाचं उदाहरण घ्या. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक आढळले, ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ गटाचं वाटायचं, पण ओ गटाच्या रक्ताशीही त्यांचं जुळायचं नाही. ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभर तो रक्तगट ‘बॉम्बे’ नावाने ओळखला जाऊ लागला. ए आणि बी ही प्रतिजनं ज्या एच नावाच्या पायावर उभी राहतात, तो पायाच या लोकांच्या तांबड्या पेशींवर नसतो. उलट त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, म्हणून त्यांना ओ गटाचं रक्तही घातक ठरू शकतं. आता हे एखाद्या घाबरलेल्या आईला सांगायचं आहे, जिच्या मुलाचं ऑपरेशन रक्तासाठी थांबलंय. प्रतिजन, प्रतिपिंड हे शब्द न वापरता सांगून पाहा. ‘तुमच्या मुलाचं रक्त फार थोड्या लोकांच्या रक्ताशी जुळतं. नेहमीचं रक्त दिलं तर त्याचं शरीर ते नाकारेल आणि त्याला त्रास होईल. म्हणून आम्ही त्याच्यासारखंच रक्त शोधतोय, आणि तोवर डॉक्टर त्याची काळजी कशी घेणार आहेत तेही ते तुम्हाला सांगतील.’ आईला यातून तीन गोष्टी कळतात : उशीर का होतोय, धोका काय आहे, पुढे काय होणार आहे. रोज एक विषय घेऊन आजीला मराठीत समजावा, मग तेच इंग्रजीत बोला. आजीला मराठीत समजलं नाही, तर इंग्रजीतही ते कुणाला समजणार नाही, इतकी ही कसोटी खात्रीची आहे.

असंच दुसरं उदाहरण सिकलसेलचं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत हा आजार आहे, आणि इंग्लंडमध्येही गरोदरपणात आणि नवजात बाळांत त्याची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातून होते. सिकलसेलच्या रोग्यात तांबड्या पेशी लवकर मरतात. मधुमेहासाठी आपण जी एचबीएवनसी चाचणी करतो, ती त्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर साचलेली साखर मोजते. पेशीच जास्त दिवस जगली नाही, तर साखर साचायला वेळ कुठून मिळणार? आकडा खोटाच कमी येतो आणि मधुमेह नजरेतून निसटतो. अशा वेळी फ्रुक्टोसामीनसारखी दुसरी चाचणी सुचवावी लागते. हे उत्तर देणारा उमेदवार रसायनशास्त्र, रोगी आणि समाज या तिन्हींचा धागा एका वाक्यात जोडतो. प्रजननशास्त्राकडे जाणाऱ्याने ओल्डहॅममध्ये २५ जुलै १९७८ रोजी झालेला पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, लुईस ब्राउनचा, जन्म आणि अशा उपचारांवरचा ब्रिटनचा १९९०चा कायदा तर वाचावाच, पण १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बाळाबद्दलही त्याला दोन वाक्यं बोलता यावीत. आपल्या मातीतलं उदाहरण उगाच देशाभिमान म्हणून आणू नका. विज्ञानाचा मुद्दा त्याने स्पष्ट होत असेल तरच आणा.

मूल्यं पाठ करून भागत नाही

एनएचएसच्या घटनापत्रात सहा मूल्यं आहेत : रोग्यांसाठी एकत्र काम, आदर आणि सन्मान, सेवेच्या दर्जाशी बांधिलकी, करुणा, लोकांचं जगणं सुधारणं, आणि प्रत्येकाला मोल आहे ही जाणीव. उमेदवार ती पाठ करून येतात आणि एकामागोमाग एक म्हणतात. परीक्षकाला ती आधीच ठाऊक असतात. त्याला हवा असतो तुमच्या आयुष्यातला एक खरा प्रसंग. तो रुग्णालयातलाच असला पाहिजे असं नाही. दुकानात काम करताना, एनएसएसच्या शिबिरात, वृद्धाश्रमात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात घडलेलाही चालतो. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं आणि त्यातून तुमच्यात काय बदललं, या क्रमाने सांगा. सर्वांत जास्त वेळ ‘तुम्ही काय केलंत’ला द्या.

इथे आपला संस्कार आडवा येतो. ‘आम्ही प्रोजेक्ट केला’, ‘आमच्या टीमने ठरवलं’, असं बोलायची आपल्याला सवय आहे. ‘मी’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. या मुलाखतीत ‘आम्ही’ला गुण देता येत नाहीत, कारण परीक्षकाला त्या आम्हीतला तुमचा वाटा कळत नाही. ‘टीमने चाचणी बदलायचं ठरवलं, त्यासाठी जुन्या आणि नव्या पद्धतीचे निकाल पडताळण्याचं काम मी केलं’, असं बोला. श्रेय वाटून घ्या, पण आपलं काम झाकू नका.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपण वरिष्ठांना उलट प्रश्न विचारायला शिकलेलो नाही. मुलाखतीत मात्र नेमकं हेच विचारतात : नियंत्रण नमुना मर्यादेबाहेर आहे, वॉर्डातून घाई आहे, सीनियर म्हणतो सोडून दे निकाल. तुम्ही काय कराल? किंवा : सहकारी दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करतोय. किंवा : कालचे दोन नमुने अदलाबदल झाल्याचं आज तुमच्या लक्षात आलं आणि अजून कुणालाच ते माहीत नाही. ‘सरांशी बोलेन’ एवढं उत्तर पुरत नाही. आधी रोग्याला इजा होणार नाही याची व्यवस्था, मग नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत हरकत, ती मानली गेली नाही तर पुढच्या पातळीवर, आणि घडलेल्याची लेखी नोंद, असा क्रम तुमच्या तोंडून यायला हवा. ब्रिटनमध्ये या प्रश्नांना इतिहास आहे. स्टॅफर्ड रुग्णालयात रोग्यांची जी हेळसांड झाली, तिच्यावरचा फ्रान्सिस अहवाल फेब्रुवारी २०१३मध्ये आला. त्यानंतर २०१४ साली एनएचएसच्या संस्थांवर प्रांजळपणाचं कर्तव्य कायद्याने आलं : रोग्याला इजा झाली तर ती त्याला सांगायची, माफी मागायची, लपवायचं नाही. हे समजून घेतलेला उमेदवार अशा प्रश्नाला घाबरत नाही. तिथे चूक दडवणं चुकीपेक्षा मोठा गुन्हा मानतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

गोपनीयतेबद्दलही थोडं. शेजारच्या काकूंचा अहवाल सहज बघून ‘काकू, सगळं नॉर्मल आहे’ असं सांगणं आपल्याकडे आपुलकी समजतात. तिथे कामाशी संबंध नसताना कुणाचाही अहवाल उघडणं, स्वतःच्या आईचाही, हा शिस्तभंग आहे.

एनएचएस पुढे कुठे निघाली आहे, याचंही भान ठेवा. जुलै २०२५मध्ये सरकारने दहा वर्षांचा आराखडा जाहीर केला. त्यातले तीन बदल लक्षात ठेवा : रुग्णालयाकडून वस्तीकडे, कागदाकडून डिजिटलकडे, उपचाराकडून प्रतिबंधाकडे. प्रत्येक बदल तुमच्या विषयाला कसा लागू होतो, याचं एकेक उदाहरण तयार ठेवा. श्रवणशास्त्रात तपासणी रुग्णालयाबाहेर कुठे नेता येईल? जीनोमिक्समध्ये २०१८च्या अखेरीस एक लाख जीनोमचं उद्दिष्ट पूर्ण झालं, त्याचा एखाद्या दुर्मिळ आजाराच्या मुलाला काय उपयोग? असे प्रश्न स्वतःला विचारत राहा.

‘हाच विषय का?’ या प्रश्नाला ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. विभाग पाहून या. अनेक विभाग अर्जांच्या आधी खुले दिवस ठेवतात, काही ऑनलाइनही. तिथे शास्त्रज्ञाचा दिवस कसा जातो, फोन किती येतात, कशाचा कंटाळा येतो, हे विचारा. विभाग न पाहता बसलेला उमेदवार मला तरी लगेच ओळखू येतो, कारण त्याच्या बोलण्यात यंत्रं असतात, माणसं नसतात.

त्या दिवशी

ऑनलाइन मुलाखत असेल, तर ओळखपत्र हाताशी ठेवा, लॅपटॉपची आदल्या दिवशी चाचणी घ्या, आणि तीन-चार जणांच्या घरात राहत असाल तर त्या तासापुरतं वायफाय मोकळं ठेवायला सांगा. पडद्याच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरून वाचू नका. डोळे हलतात आणि समोरच्याला ते दिसतं. परीक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायची गरज नाही, ते ज्या नावाने ओळख करून देतील त्याच नावाने बोला. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. उच्चार बदलायच्या फंदात पडू नका, फक्त वेग कमी करा. आपण सरसकट भरभर बोलतो आणि वाक्याचा शेवट गिळतो, त्यानेच समजायला अडचण येते.

जागांची पसंती भरताना फक्त लंडन लिहून थांबू नका, आणि जिथे तुम्ही खरंच राहू शकणार नाही असं गाव यादीत घालूही नका. तीन वर्षं तिथे काढायची आहेत.

निवड झाली नाही, तर तो दरवाजा कायमचा बंद होत नाही. अनेक क्लिनिकल शास्त्रज्ञ दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आत आलेले आहेत. दरम्यान प्रयोगशाळेत सहायक म्हणून किंवा तुमच्या विषयाच्या विभागात कनिष्ठ पदावर काम मिळालं तर जरूर घ्या. तिथे मिळणारे प्रसंग पुढच्या मुलाखतीत सोन्यासारखे उपयोगी पडतात. पुरेसा अनुभव असणाऱ्यांसाठी अनुभवाच्या पुराव्यावर समकक्षता मिळवून नोंदणीकडे जाणारा वेगळा रस्ताही आहे. तो लांब आणि कागदपत्रांचा आहे, पण खरा आहे.

अर्ज गेली काही वर्षं जानेवारीत सुरू होतात आणि मुदत थोड्याच आठवड्यांची असते. विभागांचे खुले दिवस बहुतेक त्याआधी होऊन जातात. म्हणून नाताळची वाट पाहू नका. तुमच्या विषयाचा जवळचा विभाग शोधा आणि भेट मिळेल का, असं विचारणारं पाच ओळींचं पत्र या आठवड्यातच पाठवा.